आजारी म्हणून घरातून बाहेर पडली, वाटेत एका बेटाच्या प्रेमात पडली आणि पुढं एकटीनं जग पालथं घातलं

आजकाल सोलो ट्रिपचा जमाना आहे. बॅग भरायची, फोनमध्ये मॅप टाकून ठेवायचा, एखादं हॉस्टेल बुक करायचं आणि निघायचं. तरीही एखादी मुलगी एकटी निघाली की घरातून दहा प्रश्न येतातच. सोबत कोण आहे? राहणार कुठं? पोचल्यावर फोन कर.

आता जरा मागं जाऊ. साल १८७३. फोन नाही, बुकिंग नाही. चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली, जेमतेम पाच फूट उंचीची आणि पाठीच्या दुखण्यानं बेजार झालेली एक ब्रिटिश बाई पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर उतरते. तिला तिथं यायचंच नव्हतं. पण ती सहा महिन्यांहून जास्त काळ तिथं राहते, घोड्यावर मांड ठोकून रानोमाळ हिंडते, धगधगत्या ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन झोपते.

या बाईचं नाव इझाबेला बर्ड आणि ते बेट म्हणजे हवाई.

पुढं जाऊन ती तिच्या काळातली सगळ्यात नावाजलेली स्त्री प्रवासी झाली. जपान, कोरिया, चीन, इराण, लडाख, सगळीकडं जाऊन आली. काश्मीरमध्ये तिनं दवाखाना काढला. पण या सगळ्याची खरी सुरुवात झाली हवाईत.

घरात पडून राहणारी मुलगी

इझाबेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. वडील एडवर्ड बर्ड आधी कलकत्त्यात वकिली करायचे, पुढं ते पाद्री झाले. घरातलं वातावरण एकदम धार्मिक. रविवारी कुणी काम करायचं नाही, यावर वडील इतके ठाम होते की त्यावरून त्यांचं आपल्याच चर्चमधल्या लोकांशी वाजलं होतं.

अशा घरातल्या मुलीनं काय करायचं, हे ठरलेलं होतं. शिवणटिपण, गोरगरिबांना मदत, चर्चची कामं आणि वेळेवर लग्न.

पण इझाबेलाची पाठ लहानपणापासून दुखायची. १८५० मध्ये तिच्या मणक्याजवळची एक गाठ ऑपरेशन करून काढावी लागली. दुखणं मात्र गेलं नाही. डोकेदुखी, झोप न लागणं, मन खचणं हेही सोबत होतंच. दिवसाचा मोठा भाग ती सोफ्यावर पडून काढायची.

त्या काळातल्या डॉक्टरांकडं अशा रुग्णांसाठी एक ठरलेला उपाय होता, तो म्हणजे समुद्रप्रवास.

१८५४ मध्ये वडिलांनी तिच्या हातात १०० पौंड ठेवले आणि ते पुरतील तोवर अमेरिकेत फिरून यायची परवानगी दिली. ती अमेरिका आणि कॅनडा बघून आली. त्या प्रवासावर तिनं पुस्तक लिहिलं, ते १८५६ मध्ये छापून आलं आणि चाललंही.

पण १८५८ मध्ये वडील गेले. आई आणि दोन्ही मुली स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला राहायला आल्या. १८६६ मध्ये आई गेली. आता उरल्या दोघी बहिणी, इझाबेला आणि तिच्याहून लहान हेन्रिएटा.

हेन्रिएटाचा स्वभाव अगदी उलटा होता. शांत, घरात रमणारी, पुस्तकांत बुडालेली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका बेटावर टोबरमोरी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या एका कॉटेजमध्ये तिचा जीव रमला. गावातले लोक तिला देवमाणूस मानायचे.

इझाबेलाचं बहिणीवर जिवापाड प्रेम होतं. पण टोबरमोरीचा पाऊस, धुकं आणि तोच तो दिनक्रम तिला सोसत नव्हता. दुखणं वाढत गेलं आणि डॉक्टरांनी पुन्हा तोच उपाय सांगितला.

वादळात सापडलेलं जहाज आणि अचानक बदललेला बेत

१८७२ मध्ये ती ऑस्ट्रेलियाला गेली. पण ऑस्ट्रेलिया तिला आवडला नाही. न्यूझीलंडमध्येही मन लागलं नाही. एवढ्या लांब येऊनही तब्येत होती तशीच होती.

मग तिनं अमेरिकेला जायचं ठरवलं. १८७३ च्या पहिल्याच दिवशी ऑकलंडहून नेवाडा नावाच्या आगबोटीत ती चढली. बोट जुनी आणि खिळखिळी झालेली. त्यात भर समुद्रात चक्रीवादळानं गाठलं.

बाकीचे प्रवासी जीव मुठीत धरून बसले होते आणि इझाबेलाला चक्क बरं वाटू लागलं होतं. वर्षानुवर्षं सोफ्यावर पडून असलेल्या या बाईला त्या वादळात पहिल्यांदा आपण जिवंत आहोत असं वाटलं. घरी बहिणीला लिहिलेल्या पत्रांत तिनं हा आनंद लपवला नाही.

बोट जाणार होती सॅन फ्रान्सिस्कोला, वाटेत होनोलुलूचा थांबा होता. तर झालं असं की बोटीवरचा एक तरुण प्रवासी फुफ्फुसातून रक्तस्राव होऊन गंभीर आजारी पडला. सोबत त्याची आई होती. पोराला घेऊन होनोलुलूत उतरण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. अनोळखी गावात ती एकटी पडेल म्हणून इझाबेलानं तिच्यासोबत उतरायचं ठरवलं.

मुक्काम काही दिवसांचाच असणार होता.

तेव्हा हवाई अमेरिकेचा भाग नव्हता, ते एक स्वतंत्र राज्य होतं. युरोपातले लोक या बेटांना सँडविच आयलंड्स म्हणायचे. ते नाव कॅप्टन कुकनं १७७८ मध्ये दिलं होतं. इझाबेला पोचली त्याच जानेवारीत तिथं लुनालिलो नावाचा नवा राजा निवडून आला होता. हो, निवडून. आधीचा राजा वारस न नेमता वारला होता, म्हणून विधिमंडळानं मतदान घेऊन लुनालिलोला गादीवर बसवलं होतं.

घोड्यावर मांड ठोकली आणि पाठ दुखायची थांबली

होनोलुलूहून इझाबेला मोठ्या बेटावरच्या हिलो गावात गेली. तिथून साधारण ५० किलोमीटरवर किलाउएआ ज्वालामुखी आहे आणि तिथं जायचं म्हणजे घोड्यावरूनच.

इथं एक अडचण होती. त्या काळी युरोपातल्या घरंदाज बायका घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायच्या. तसं बसलं की कंबर आणि पाठ सतत पिळवटलेली राहते. इझाबेला लहानपणापासून घोड्यावर बसत आली होती, पण पाठीच्या दुखण्यामुळं तिला लांबचा पल्ला झेपत नव्हता.

हिलोमध्ये तिनं बघितलं तर हवाईच्या बायका पुरुषांसारख्याच दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत होत्या आणि घोडे भरधाव सोडत होत्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तुम्हीही तसंच बसून बघा, असं तिला सुचवण्यात आलं. आधी तिला संकोच वाटला. पण दुखण्यापुढं संकोच किती टिकणार?

तिनं मांड ठोकली आणि पाठीवरचा ताण गेला. एवढ्या साध्या बदलानं तिचं जग बदललं. तिनं खास घोडेस्वारीसाठी पोशाख शिवून घेतला. घोट्यापर्यंतचा घागरा आणि त्याच्या आत सैल, खाली चुण्या घातलेला पायजमा. आता कुणाच्या सोबतीवाचून, कुणाच्या गाडीवाचून ती हवं तिथं जाऊ शकत होती.

किलाउएआच्या विवरात उतरून ती तापलेल्या, तडकलेल्या लाव्ह्याच्या कवचावरून चालत गेली आणि खाली खदखदणारं आगीचं तळं तिनं डोळ्यांनी पाहिलं.

पुढं वाइपिओच्या खोल दरीपर्यंत ती एका हवाईयन तरुणीसोबत जाऊन आली. ती स्थानिक लोकांच्या घरात झोपली आणि त्यांच्यातच बसून जेवली. परतताना पावसानं ओढ्यांना पूर आला होता. एका ओढ्यात घोडा वाहत जायची वेळ आली, ती थोडक्यात बचावली. पण पत्रात भीतीपेक्षा गंमतच जास्त उतरली.

काउआई बेटावर तिला एलिझा सिंक्लेअर भेटली. सत्तरी ओलांडलेली ही स्कॉटिश आजी न्यूझीलंडमधलं घरदार विकून, मुला-नातवंडांना घेऊन बोटीनं इथं आली होती. त्या कुटुंबानं १८६४ मध्ये हवाईच्या राजाकडून निहाउ नावाचं अख्खं बेट १०,००० डॉलरला विकत घेतलं होतं. बाईमाणसानं वय झालं की काय करायचं, याचा एक वेगळाच नमुना इझाबेलाच्या समोर होता.

मौना लोआची ती रात्र

जूनमध्ये आयुष्यभर लक्षात राहील अशी संधी आली. मौना लोआच्या माथ्यावर उद्रेक चालू होता. या पर्वताची उंची ४,१६९ मीटर. होनोलुलूत राहणारे ग्रीन नावाचे एक ज्वालामुखी-अभ्यासक वर जायला निघाले होते. त्यांनी विचारलं आणि इझाबेला लगेच तयार झाली.

वाट म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेला, काचेसारखा धारदार लाव्हा. वर हवा विरळ. डोकं गरगरत होतं, तहान भागत नव्हती, थंडी गोठवणारी. अशा ठिकाणी विवराच्या काठावर त्यांनी तंबू ठोकला. खाली विवरात लाव्ह्याचं कारंजं उसळत होतं.

रात्री सगळे झोपल्यावर इझाबेला तंबूतून हळूच बाहेर आली आणि एकटीच ती आग बघत बसली.

काही महिन्यांपूर्वी जिला उशीला टेकून बसणंही जड जायचं, ती बाई चार हजार मीटरवर, कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्री एकटी बसली होती. हवाईनं तिला काय दिलं हे समजून घ्यायला हा एक प्रसंग पुरेसा आहे.

बेटावर फक्त सुख नव्हतं

प्रेमात पडलेल्या माणसाला दोष दिसत नाहीत म्हणतात. इझाबेलाला मात्र दिसत होते.

ज्या हवाईयन लोकांच्या मोकळेपणावर ती भाळली होती, ते लोक झपाट्यानं कमी होत होते. बाहेरून आलेल्या जहाजांसोबत गोवर, देवी, क्षय असे रोग आले होते आणि बेटावरच्या लोकांच्या अंगात त्यांच्याशी लढायची ताकद नव्हती. १८७२ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या ५७,००० च्याही आत आली होती.

कुष्ठरोग झालेल्यांना घरातून उचलून मोलोकाई बेटावर नेऊन ठेवलं जायचं. तिथून परत येणं नव्हतं. इझाबेला हवाईत होती त्याच वर्षीच्या मे महिन्यात फादर डेमियन हे बेल्जियन पाद्री या रुग्णांच्या सेवेसाठी मोलोकाईला गेले. पुढं त्याच रोगानं त्यांचा तिथंच मृत्यू झाला. मोलोकाईबद्दल इझाबेलानं आपल्या पुस्तकात सविस्तर लिहिलं.

राजकारणही तापलं होतं. साखरेच्या मळेवाल्यांना अमेरिकेत करमाफी हवी होती आणि त्याबदल्यात पर्ल हार्बर अमेरिकेला द्यायची चर्चा सुरू होती. स्थानिकांनी विरोध केल्यावर राजानं तेव्हा माघार घेतली. पण पुढच्याच वर्षी क्षयानं तो गेला. १८९३ मध्ये मळेवाल्यांनी राजसत्ता उलथवली आणि १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत गेलं. इझाबेलानं पाहिलेलं हवाई पुढच्या २५ वर्षांत उरलं नाही.

मग ती हवाईतच का राहिली नाही?

या गोष्टीतला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे.

इझाबेला बहिणीला लांबलचक पत्रं लिहायची. त्यात बेटाचं कौतुक ओसंडून वाहायचं. इथली हवा, इथली माणसं, इथलं स्वातंत्र्य. आपण दोघींनी इथंच येऊन राहावं की काय, असाही सूर तिनं लावला.

टोबरमोरीत बसून ही पत्रं वाचणाऱ्या हेन्रिएटाला ते खरं वाटलं. आपणही हवाईला यावं असा विचार तिनं कळवला.

चरित्रकार सांगतात की हे कळल्यावर इझाबेला खूश होण्याऐवजी गडबडली. तिनं घाईनं बेत बदलला आणि आपणच आता परत निघतोय असं कळवून टाकलं. ऑगस्ट १८७३ मध्ये तिनं सॅन फ्रान्सिस्कोची बोट पकडली.

बहिणीवर प्रेम नव्हतं अशातला भाग नाही. पण बहीण आली असती की घर आलं असतं, घर आलं की जबाबदारी आणि जबाबदारीमागोमाग ती जुनी, आजारी इझाबेला. हवाईत तिला कुणाची मुलगी, कुणाची बहीण, कुणाची रुग्ण असावं लागत नव्हतं. ती ज्याच्या प्रेमात पडली होती त्यात बेट जेवढं होतं, तेवढंच तिथलं एकटेपणही होतं.

आणि गंमत बघा, हे एकटेपण तिला हवं होतं, पण ते सांगायला हेन्रिएटाही हवी होती. दिवसभर हिंडायचं आणि रात्री बसून बहिणीला लिहायचं, हाच तिचा शिरस्ता. हीच पत्रं निवडून, नीट करून १८७५ मध्ये हवाईवरचं तिचं पुस्तक आलं. जॉन मरे या नामांकित प्रकाशकानं ते काढलं आणि लेखिका म्हणून तिचं नाव झालं. पुढं हवाईच्या कालाकौआ राजानं या पुस्तकासाठी तिला सन्मानही दिला.

हवाईचा पोशाख आणि एक वाद

हवाईहून ती थेट घरी गेली नाही. अमेरिकेत उतरून तिनं हवाईचाच पोशाख घालून घोड्यावर रॉकी पर्वतात शेकडो मैल प्रवास केला. ४,३४६ मीटर उंचीचं लाँग्ज पीक चढली. तिथं जिम नुजेंट नावाचा एक डोळा गमावलेला, दारुडा पण कविता करणारा शिकारी तिच्या प्रेमात पडला. तिलाही तो आवडला होता, पण असल्या माणसाशी लग्न करणं शहाणपणाचं नाही हे तिला कळत होतं. ती निघून गेली. पुढच्याच वर्षी गोळी लागून त्याचा मृत्यू झाला.

१८७९ मध्ये या प्रवासाचं पुस्तक आलं तेव्हा लंडनच्या टाइम्सनं ती पुरुषी कपड्यांत फिरली असं छापलं. इझाबेला भयंकर चिडली. असं लिहिणाऱ्याला चाबकानं फोडून काढायला हवं, असं तिनं प्रकाशकाला कळवलं. पुढच्या आवृत्तीत तिनं आपल्या पोशाखाचं चित्र आणि वर्णनच छापून टाकलं.

ज्वालामुखीला न घाबरणारी ही बाई लोक काय म्हणतील याला मात्र शेवटपर्यंत घाबरायची.

काश्मीरमधला दवाखाना

१८७८ मध्ये ती जपानला गेली, होक्काइडोपर्यंत जाऊन आयनू लोकांमध्ये राहिली. तिथून मलाया. पण १८८० च्या जूनमध्ये टायफॉईडनं हेन्रिएटा गेली.

जिला पत्रं लिहायची, तीच राहिली नाही. इझाबेला पार कोसळली. बहिणीवर उपचार करणारे डॉ. जॉन बिशप तिला बरेच दिवस लग्नाचं विचारत होते. मार्च १८८१ मध्ये तिनं होकार दिला आणि सुतकाच्या काळ्या कपड्यांतच लग्न केलं. तेव्हा ती ४९ वर्षांची होती. लग्नानंतर न्यू गिनीला जायचा विषय निघाला, तर नवऱ्याला घेऊन जाण्यासारखी ती जागा नाही, असं म्हणून तिनं तो सोडून दिला.

पाच वर्षांत बिशपही गेले. मग पंचावन्नच्या घरातल्या इझाबेलानं लंडनमध्ये वैद्यकीय प्रशिक्षण घेतलं आणि १८८९ मध्ये भारत गाठला. श्रीनगरमध्ये डॉ. फॅनी बटलर यांच्या मदतीनं तिनं नवऱ्याच्या नावानं बायकांसाठी दवाखाना उभा केला. पुढं तो अनंतनागला हलला. अमृतसरमध्ये दुसरा दवाखाना काढला, त्याला नाव दिलं हेन्रिएटा बर्ड.

मग लडाख, इराण, कुर्दिस्तान. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं पहिल्यांदाच काही महिलांना फेलो केलं, त्यात ती होती. यावर संस्थेत एवढा गदारोळ झाला की लगेच पुढच्या वर्षी आणखी बायका घेणं बंद केलं. विरोध करणाऱ्यांमध्ये पुढं भारताचे व्हाइसरॉय झालेले कर्झन आघाडीवर होते. ते दार पुन्हा उघडायला १९१३ साल उजाडलं. गंमत म्हणजे तेव्हा संस्थेचे अध्यक्ष कर्झनच होते आणि त्यांनीच पाठिंबा दिला.

इझाबेला तोवर कोरिया आणि चीन पालथं घालून आली होती. १९०१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तिनं मोरोक्कोत घोडा दौडवला. ७ ऑक्टोबर १९०४ ला एडिनबर्गमध्ये तिचं निधन झालं तेव्हा पुढच्या चीनवारीसाठी तिचं सामान बांधून तयार होतं म्हणतात.

ती गेल्यावर एडिनबर्गच्या एका वैद्यकीय नियतकालिकानंही हे कोडं मांडलं होतं की घरात अंथरुणाला खिळलेली ही बाई बाहेर पडली की एवढी दणकट कशी व्हायची. याचं उत्तर तिला स्वतःला १८७३ मध्ये हिलोच्या रस्त्यावर मिळालं होतं.

टोबरमोरीच्या बंदरावर आजही एक घड्याळाचा मनोरा उभा आहे. इझाबेलाच्या पैशातून तो १९०५ मध्ये बांधला गेला. त्या बेटावर ती स्वतः कधी फार रमली नाही. मनोरा हेन्रिएटाच्या आठवणीत आहे.